गूळ, कर्जरोखे आणि सात रुमाल : एका अभिलेखागाराच्या सेवेचा अनुभव

आमच्या घरचे कराड तालुक्यातील सावकारीचे, गुळाच्या व्यापाराचे आणि शेतीचे दप्तर, म्हणजे लाल खारव्यात बांधलेले सात रुमाल (कागदांची गाठोडी) आणि कागदांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक, चार वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी पश्चिम महाराष्ट्रातील एका संस्थेच्या अभिलेखागाराच्या स्वाधीन केले. त्यानंतर तेथील वाचनकक्षात मी अनेकदा जाऊन बसलो, नकला मागवल्या, लिप्यंतर करून घेतले आणि यादीवरून वादही घातला. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही, कारण तेथे काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि पुढील तक्रारी संस्थेवर न राहता थेट त्या माणसांवर जातील. माळ्यावर अशी गाठोडी पडून असलेल्या घरांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

कागद कोठे द्यावेत, हा प्रश्न आम्हाला वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. सरकारी अभिलेखागाराची परंपरा मुंबईत १८२१ पासूनची आहे, पुण्याचे पेशवे दप्तर सर्वांना ठाऊक आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून घराण्यांची दप्तरे गोळा करीत आले आहे आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने धुळ्यात मंडळ उभे राहिले. उद्योगांपैकी टाटांचे मध्यवर्ती अभिलेखागार पुण्यात आणि गोदरेजांचे विक्रोळीत आहे, पण ती त्या त्या समूहाच्या इतिहासासाठी आहेत. आमचे घर या दोन्ही टोकांच्या मधले आहे. आमच्या दप्तरात ना कोणाची राजमुद्रा, ना कारखान्याचा पहिला नकाशा. गावचे कुलकर्णपण, शंभर-सव्वाशे एकर जमीन, पेठेत एक पेढी आणि थंडीत चालणारे गुऱ्हाळ, एवढाच पसारा. अशा घरांचे कागद बहुधा रद्दीत जातात, नाहीतर वाळवीच्या पोटात. आमचेही गेले असते. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत गावातला वाडा गेला; दप्तर वाचले ते पेढीच्या मागच्या गूळगोदामात ठेवले होते म्हणून. आजोबांना वाड्याचे दुःख होते की दप्तर वाचल्याचे समाधान, हे त्यांच्या बोलण्यावरून आम्हाला कधीच कळले नाही.

दप्तर कसले आहे, ते थोडे सांगितल्याशिवाय सेवेचे गुणदोष कळणार नाहीत. सर्वांत जुनी कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) शके १७७२ ची (इ. स. १८५०-५१), म्हणजे सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर एक-दोन वर्षांतली आहे, आणि शेवटची वही १९५७ ची आहे. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत रोजकीर्द, खतावणी (खातेवार हिशेबाची वही), तेरजा (हिशेबाचे गोषवारे), कर्जरोखे, गहाणखते, कुळांच्या कबुलायती, हुंड्यांच्या (पैसे धाडण्याच्या व्यापारी चिठ्ठ्यांच्या) नकला, पाणीपट्टीच्या पावत्या आणि गुऱ्हाळाच्या वह्या आहेत. कायदा बदलला की वही कशी बदलते, हे या ढिगात स्पष्ट दिसते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून रोखे जाळले आणि पुढे पुणे-नगरच्या गावागावांत तेच घडले. त्याची परिणती म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षणाचा कायदा आला आणि सावकाराने ऋणकोला पावती द्यावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, असे बंधन पडले. आमच्या शके १८०१ (१८७९-८०) पूर्वीच्या खतावण्यांत ऋणकोचे खाते चार ओळींत आटोपलेले असते; त्यानंतरच्या वह्यांत मुद्दल वेगळे, व्याज वेगळे आणि ‘पावती दिली’ असा शेरा जागोजाग येतो. आमच्या पूर्वजांना न्यायबुद्धी अचानक झाली असे मानण्याचे कारण नाही. त्यांना कोर्टाची भीती झाली होती. १९४६ च्या सावकारी कायद्यानंतर पेढी आवरत गेली आणि कूळकायद्यातील १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने बहुतेक जमीन कसणाऱ्या कुळांच्या नावावर झाली. दप्तर तेथेच थांबते.

स्वाधीन करण्याची प्रक्रिया संस्थेने चोख पार पाडली. त्यांनी आम्हाला दोन मार्ग सांगितले: एक, मालकी आमच्याकडे ठेवून कागद ठेव म्हणून देणे, दुसरा, कायमचे दान करणे. ठेव द्यावी आणि पुढे मन बदलले तर परत आणावे, असा आमच्या चुलत्यांचा आग्रह होता. परंतु दुसऱ्याच्या मालकीच्या कागदांवर संस्था दुरुस्तीचा मोठा खर्च करीत नाही, हे कार्यवाहांनी आडपडदा न ठेवता सांगितले आणि आम्ही दानपत्रावर सह्या केल्या. दानपत्र अडीच पानांचे होते. त्यात प्रकाशनाचा हक्क, नकलांचा हक्क आणि कोणते कागद किती वर्षे बंद ठेवायचे, याची कलमे स्वतंत्र होती. ही कलमे घाईने वाचू नयेत. आम्ही ‘बंद’ या कलमावर आठवडाभर घरात चर्चा केली आणि त्याचे कारण पुढे येईल.

जतनाच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. कागद आले त्या दिवशीच ते मूळ साठ्यापासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवले गेले, म्हणजे आमच्या गोदामातली कसर त्यांच्या साठ्यात शिरू नये. मग एकेक बंद (कागदाचे सुटे पान) मऊ कुंचल्याने झाडला गेला, घड्या सरळ केल्या गेल्या आणि फाटलेल्या कडांना जपानी कागदाची पातळ पट्टी खळीने लावली गेली. हे काम करणाऱ्या बाईंनी मला दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. एक शके १७८० च्या सुमाराचा हातकागद होता. तो बोटांत धरला तर कापडासारखा लवत होता, आणि काजळाच्या शाईने लिहिलेली अक्षरे कालची वाटावीत इतकी काळी होती. दुसरा १९३० च्या आसपासचा गिरणीचा कागद होता. तो पिवळा पडून कडेने बिस्किटासारखा मोडत होता, आणि त्यावरची निळी शाई पाणी लागलेल्या जागी पसरून तिचे नुसते डाग उरले होते. “जुनं टिकतं आणि नवं मोडतं, हे कागदाच्या बाबतीत अगदी खरं आहे,” असे त्या म्हणाल्या. लाकडाच्या लगद्यातील आम्ल हे त्याचे कारण. म्हणून दुरुस्तीचा क्रम वयाप्रमाणे न लावता कागदाच्या जातीप्रमाणे लावावा लागतो आणि आमच्या ट्रंकेतले आजोबांच्या काळचे कागद पणजोबांच्या कागदांआधी हाती घेतले गेले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला.

एक गोष्ट मात्र त्याच खोलीत हरवली. मळलेले रुमाल धुण्यापलीकडचे आहेत म्हणून टाकून देण्यात आले, आणि प्रत्येक रुमालाच्या गाठीत खोचलेली चिठ्ठी त्यांच्याबरोबर गेली. त्या चिठ्ठ्यांवर पणजोबांच्या हातचे रुमालाचे अनुक्रमांक आणि आतली वर्षे होती. सुदैवाने दप्तर देण्यापूर्वी माझ्या भाच्याने मोबाईलवर सगळ्या गाठोड्यांची छायाचित्रे काढली होती. सातांपैकी पाच चिठ्ठ्या त्यांत वाचता येतात. दप्तर देणाऱ्या प्रत्येकाने कागद हलवण्याआधी बाहेरून अशी छायाचित्रे काढावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

या चिठ्ठ्यांचे महत्त्व यादी हातात आली तेव्हा कळले, आणि संस्थेवरची माझी मुख्य तक्रार या यादीबद्दल आहे. संस्थेने सातही रुमाल सोडून सर्व कागद विषयवार लावले: ‘व्यापार व सावकारी’, ‘शेती’, ‘न्यायालयीन’, ‘वतन’ आणि ‘खासगी पत्रे’. वरवर पाहता ही मांडणी नीटनेटकी आहे. नव्या वाचकाला शेतीचे कागद हवे असतील तर शेतीच्या पेट्या मागवाव्यात, इतके सोपे. परंतु आमच्या घरात पेढी आणि शेत ही दोन खाती कधीच नव्हती. पणजोबा दरवर्षाची कीर्द, त्या कीर्दीची खतावणी आणि त्या वर्षाच्या सुट्या चिठ्ठ्या एकात एक घालून बांधत असत, कारण कीर्दीतल्या प्रत्येक रकमेपुढे खतावणीचे पान लिहिलेले असते आणि खतावणीत उलट कीर्दीचे. एक वही दुसरीवाचून मुकी आहे. संस्थेने गुऱ्हाळाच्या वह्या शेतीत टाकल्या, गुळाच्या विक्रीच्या कीर्दी व्यापारात टाकल्या आणि कुळांच्या खतावण्या पुन्हा शेतीत. म्हणजे एकाच ढेपेचा अर्धा हिशेब एका पेटीत आणि अर्धा दुसऱ्या पेटीत.

याचा परिणाम मी प्रत्यक्ष भोगला. शके १८३५ (१९१३-१४) च्या खतावणीत एका कुळाच्या नावे खंडाची (जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायच्या रकमेची वा धान्याची) बाकी पौषात एकदम निम्म्यावर आलेली दिसते, पण जोंधळे जमा केल्याची किंवा रोकड दिल्याची नोंद नाही. फक्त ‘पाहा कीर्द पान ४१’ असा निर्देश आहे. ती कीर्द व्यापाराच्या पेटीत होती, आणि वाचनकक्षाचा नियम असा की एका वाचकाला एका वेळी एकच पेटी मिळते. पहिली पेटी परत करून, चिठ्ठी भरून, दुसरी येईपर्यंत पाऊण तास जातो, आणि तोवर पहिल्या पेटीतील आकडे टिपणवहीतच पाहायचे.

त्याच दिवशी शेजारच्या मेजावर आमच्याच गावचा एक तरुण बसला होता. त्याचे शिक्षण कृषी महाविद्यालयात झालेले आणि घराण्याची वंशावळ लावण्याचा त्याला नाद. मी कोणत्या घरचा, हे कळल्यावर तो क्षणभर गप्प झाला, मग उठून माझ्या मेजाशी आला आणि खतावणीतल्या नावावर बोट न टेकवता, वरून दाखवत म्हणाला, “काका, ह्यो आमचा पणजा. पर ह्यानं खंड दिल्याचं हितं कुठंच दिसंना, मग बाकी कमी कशी झाली?” आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. खतावणीची पेटी माझ्या नावावर होती. त्याने कीर्दीची पेटी आपल्या नावावर मागवली आणि आम्ही दोन्ही मेजे जोडली. कर्मचाऱ्याने आधी हरकत घेतली, मग आमची वये पाहून, किंवा कंटाळून, ती मागे घेतली.

पान ४१ वर साठ ढेपा गूळ कुंभार्ली घाटाने चिपळूणला रवाना केल्याची नोंद होती. पाटण आणि हेळवाक येथील मुक्कामांचा खर्च, बैलांच्या पेंडीचा खर्च, गोवळकोट बंदरावरून परत आणलेले मीठ, नारळ आणि सुकट, सगळे ओळीने लिहिलेले होते, आणि शेवटी ‘गु॥’ म्हणजे गुजारत, ज्याच्या हातून व्यवहार झाला त्याचे नाव. ते या तरुणाच्या पणजोबांचे होते. गाडीभाडे रोख दिलेले नव्हते. ते खंडात वळते केले होते. म्हणजे हे कूळ आमची जमीन कसत होते, आमचा ऊस गुऱ्हाळाला आणत होते आणि सुगी संपली की आमचाच गूळ स्वतःच्या बैलगाडीने कोकणात उतरवून खंड फेडत होते. गाडीभाड्याचा दर पेढीने कसा लावला होता, हे पुढच्या दोन पानांवरून काढता येते. त्याच वाटेने गेलेल्या गावाबाहेरच्या एका भाडोत्री गाडीवानाला त्याहून बरीच जास्त रक्कम दिलेली आहे. तरुणाने तो फरक टिपून घेतला. मीही टिपला. त्यावर आम्ही काही बोललो नाही. नंतर बाहेर चहा घेताना तो कुंभार्लीच्या वळणांवर आजही मालमोटारी कशा अडकतात ते सांगत राहिला.

ही एक गोष्ट कळायला कीर्द, खतावणी आणि मीठ-सुकटीची चिठ्ठी एकत्र हवी होती. पणजोबांच्या रुमालात ती एकत्रच होती. कागद ज्या क्रमाने कार्यालयातून वा घरातून आले तोच क्रम राखावा, विषयवार सूची वेगळी करावी पण कागद हलवू नयेत, हे अभिलेखशास्त्राचे जुने आणि सर्वमान्य तत्त्व आहे. संस्थेला ते माहीत नव्हते असे नाही. “ग्रंथालयाची सवय असलेल्या एका मदतनिसाने ते काम केले आणि आमच्याकडून तपासणी राहून गेली,” अशी कबुली कार्यवाहांनी दिली. कबुली दिली हे चांगले झाले. पण सुमारे नऊ हजार बंद पुन्हा जागेवर लावणे हे कबुलीपेक्षा पुष्कळ मोठे काम आहे.

लिप्यंतराची सेवा स्वतंत्रपणे, पानावारी शुल्क घेऊन दिली जाते. मोडी १९५० च्या दशकात सरकारी व्यवहारातून गेली, त्यामुळे आमच्या पिढीला ती घरात पाहूनही वाचता येत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागते. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि लेखणी न उचलता ओढलेली अक्षरे. अशा लिपीत जमाखर्च वाचणे हे पत्र वाचण्याहून वेगळे कौशल्य आहे. संस्थेच्या लिप्यंतरकाराने पत्रे उत्तम वाचली. आजीच्या सासऱ्यांनी पंढरपूरहून धाडलेले पत्र तर असे लावले आहे की त्यातली कुरकुर ऐकू येते. हिशेबात मात्र फसगत झाली. जुन्या हिशेबात रुपयाचा पाव उभ्या रेघेने दाखवतात आणि आणे आडव्या रेघांनी, ‘३।’ म्हणजे सव्वातीन आणि ‘३॥।’ म्हणजे पावणेचार. पहिल्या वीस पानांत या उभ्या रेघा विरामदंड समजून वगळल्या गेल्या होत्या, आणि कोणत्याच पानाची बेरीज जुळेना. मी तेरजेशी ताडून पाहिले तेव्हा चूक सापडली. संस्थेने ती पाने पुन्हा शुल्क न घेता दुरुस्त करून दिली आणि पुढच्या पानांत ती चूक आढळली नाही. हिशेबाचे लिप्यंतर करून घेणाऱ्याने निदान एका पानाची बेरीज स्वतः मारून पाहावी. पायल्या, मण आणि खंड्यांतल्या धान्याचीही हीच तऱ्हा: बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक ठाऊक नसलेला वाचक आकडे दशमानात नेतो आणि पीक दुप्पट-तिप्पट करून ठेवतो.

चित्रांकन, म्हणजे कागदांचे स्कॅनिंग, समाधानकारक आहे. प्रत्येक बंद दोन्ही बाजूंनी घेतला असून पाठीवरच्या कोऱ्या वाटणाऱ्या बाजूही सोडलेल्या नाहीत, आणि एका कोऱ्या पाठीवरच मला किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची किंमत व त्याखाली ‘माती बिघडते म्हणतात, पाहू’ असा पणजोबांचा शेरा मिळाला. वाचनकक्ष शांत आहे, उजेड पुरेसा आहे, पाण्याची सोय बाहेर आहे. शनिवारी दुपारनंतर पेट्या मिळत नाहीत. लांबून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ‘बंद’ कलमाविषयी. खतावणीत केवळ आमचे घर नाही. निम्मे गाव आहे. कोणी मुलीच्या लग्नाला किती काढले, कोणाचे बैल गहाण पडले, कोणाचा अंगठा कोणत्या रोख्यावर आहे, हे सर्व नावानिशी लिहिलेले आहे आणि त्या नावांची नातवंडे त्याच गावात राहतात. सावकाराच्या वहीत ऋणकोची बाजू नसते, हेही विसरता येत नाही. म्हणून १९२० नंतरच्या खतावण्या व रोखे महाजालावर ठेवू नयेत, वाचनकक्षात मात्र ज्याला त्याला आपल्या घराण्याचे खाते पाहता यावे, अशी अट आम्ही घातली. माझ्या भावाचे मत होते की सर्वच खुले करावे. आत्याचे मत होते की सर्वच जाळावे. संस्थेने आमची मधली अट मान्य केली आणि आजवर ती पाळली आहे. त्या तरुणाने शके १८३५ चे खाते पाहिले ते १९२० आधीचे असल्याने कोणत्याही परवानगीवाचून, आणि पुढे त्याने १९३८ चे खाते मागितले तेव्हा वंशावळ दाखवून तेही त्याला मिळाले.

यादीच्या दुरुस्तीचे काम गेल्या दिवाळीपासून सुरू आहे. कागद पुन्हा हलवण्याऐवजी भाच्याच्या छायाचित्रांवरून आणि पानांच्या परस्परनिर्देशांवरून एक जोडतक्ता तयार करावा, म्हणजे कोणता बंद मूळ कोणत्या रुमालात होता ते कळेल, असे ठरले. त्या तरुणाने आणि मी मिळून पहिल्या चार रुमालांचा तक्ता पुरा केला आहे. दोन पेट्या एका मेजावर पाहण्याची सवलत आता या संग्रहापुरती लेखी मिळाली आहे. पाचव्या आणि सातव्या रुमालाच्या चिठ्ठ्या छायाचित्रांत वाचता येत नाहीत, त्यामुळे शके १८२० ते १८२८ आणि १९४० नंतरचे कागद मागवताना सध्या विषयवार क्रमांकच द्यावा लागतो, आणि कीर्द व खतावणी यांच्यासाठी दोन वेगळ्या चिठ्ठ्या भराव्या लागतात.